बाळंतपणाची धास्ती : ध्यानाने आणि संमोहनाने काय होते, काय होत नाही

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असते. पण पहिलटकरणीच्या कानावर हे वाक्य पडते तेव्हा तिला त्यातला धोकाच तेवढा ऐकू येतो. सातवा महिना लागला की दवाखान्यात येणाऱ्या मुलींच्या तक्रारी बदलतात. रात्री दोन-अडीचला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. छातीत धडधडते. घास गिळवत नाही. तपासावे तर रक्तदाब ठीक, बाळाची वाढ ठीक. सासूबाईंना जरा बाहेर बसवून विचारले की मग खरी गोष्ट ओठांवर येते : "डॉक्टर, मला कळा सोसवतील ना?"

अलीकडे या प्रश्नाला एक जोडप्रश्न येऊ लागला आहे. मोबाईलवर कोणीतरी 'हिप्नोबर्थिंग'ची फीत पाहिलेली असते. संमोहनाने म्हणे कळा जाणवतच नाहीत, मोठ्या शहरात त्याचे वर्ग चालतात, फी बरीच आहे, जावे का? कोणी ध्यानाबद्दल विचारते, कोणी शवासनाबद्दल. पत्रानेही हे प्रश्न आले आहेत. आज त्यांचीच उत्तरे सविस्तर देतो.

भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरातल्या सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः उदासीनतेचा, त्रास होतो. आपल्यासारख्या विकसनशील देशांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे आहे. हा झाला आजार म्हणण्याजोगा त्रास. साधी धास्ती तर जवळजवळ प्रत्येकीलाच असते.

तिची कारणेही खरी असतात. एखादीचा आधी गर्भपात झालेला असतो. एखादीच्या जावेचे सिझेरियन झालेले असते आणि त्याचे वर्णन तिने दहा वेळा ऐकलेले असते. काही घरांत 'मुलगाच हवा' हा धोशा लावलेला असतो. बाळाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, आईच्या हाती त्यातले काहीच नसते, हे आजही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणजे आठव्या महिन्यात डॉक्टर बदलणार, दवाखाना बदलणार, नवरा लांब राहणार, ही आणखी एक काळजी. आणि डोहाळजेवणाला जमलेल्या बायका एकदा आपापल्या बाळंतपणाच्या हकिगती सांगू लागल्या की ओटी भरून घेणाऱ्या मुलीचा चेहरा कसा उतरतो, ते एकदा निरखून पाहा.

भीतीने शरीरात काय होते?

ग्रँटली डिक-रीड नावाचे एक इंग्रज प्रसूतितज्ज्ञ होऊन गेले. लंडनच्या गरीब वस्तीत प्रसूतीसाठी गेले असता एका बाईने क्लोरोफॉर्म घ्यायला नकार दिला आणि ती शांतपणे बाळंत झाली, ही हकिगत त्यांनी लिहून ठेवली आहे. त्यावरून ते विचार करू लागले. १९३३ साली आणि पुन्हा १९४२ साली त्यांनी पुस्तके लिहून एक साखळी मांडली : भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढतात, वेदना वाढल्या की भीती आणखी वाढते.

त्यांची सगळीच मते आज मान्य नाहीत. बाळंतपणाच्या वेदना बऱ्याच अंशी भीतीतून येतात असे त्यांना वाटे, ते खरे नाही. गर्भाशय हा मोठा स्नायू आहे. तो जोराने आवळतो, गर्भाशयाचे तोंड ताणले जाते, ओटीपोटातले भाग दाबले जातात, दुखणारच. पण साखळीतला मुख्य मुद्दा टिकून आहे. माणूस घाबरला की शरीरात ॲड्रिनलिन वाढते. हे रसायन पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी आहे. ते हातापायांकडे रक्त वळवते आणि छातीचे ठोके वाढवते. गर्भाशयाला कळा देणारे रसायन वेगळे, त्याचे नाव ऑक्सिटोसिन. बाई शांत असली, तिला सुरक्षित वाटत असले की ते नीट काम करते. फार घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावू शकतात आणि बाळंतपण लांबू शकते. शिवाय दात आवळून, मुठी वळून, श्वास रोखून कळ सोसणारी बाई तासाभरातच दमून जाते.

म्हणजे वेदना ही शरीराची, आणि तिच्यावरचा बोजा मनाचा. ध्यान काय, संमोहन काय, या बोजाला हात घालतात. वेदनेचे मूळ कारण त्यांनी जात नाही.

संमोहन म्हणजे जादू नव्हे

संमोहन म्हटले की आपल्याकडे नाट्यगृहातला प्रयोग डोळ्यांसमोर येतो : रंगमंचावर बोलावलेला माणूस कांदा सफरचंद म्हणून खातो आणि प्रेक्षक हसतात. त्यामुळे बायकांना भीती वाटते की आपली शुद्ध जाईल, भलतेच बोलून जाऊ. तसे काही होत नाही. संमोहन ही झोप नाही, बेशुद्धीही नाही. लक्ष एका जागी इतके गुंतते की बाजूच्या गोष्टी मागे पडतात. मालिका पाहताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त ठरवून केलेला. अशा अवस्थेत स्वतःला दिलेली सूचना मनात अधिक खोल उतरते.

या विद्येचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. जेम्स एस्डेल हे स्कॉटिश शल्यविशारद १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे होते. त्या काळी तिकडे भूल देण्याचे औषध नव्हते. एस्डेल यांनी संमोहनाच्याच जातीच्या 'मेस्मेरिझम'चा वापर करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे १८४७ साली क्लोरोफॉर्म आला आणि ही पद्धत मागे पडली. कारण उघड आहे. क्लोरोफॉर्म जवळजवळ प्रत्येकावर चालतो, संमोहन प्रत्येकावर सारखे चालत नाही. आजही हेच लक्षात ठेवायचे आहे.

'हिप्नोबर्थिंग' हे नाव १९८९ साली अमेरिकेतल्या मेरी मोंगन यांनी आपल्या पद्धतीला दिले. डिक-रीड यांच्या विचारांना त्यांनी स्वयंसंमोहनाची जोड दिली. यात शिकवतात ते असे : संथ श्वास, अंग सैल सोडणे, डोळे मिटून शांत जागेची कल्पना करणे, मनाशी धीराची वाक्ये म्हणणे आणि बाळंतपणात काय काय घडते याची माहिती. बारकाईने पाहिले तर यातले बरेचसे आपल्या योगवर्गात शिकवतात त्याहून फार वेगळे नाही.

चाचण्यांत काय आढळले?

इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना स्वयंसंमोहन शिकवले, निम्म्यांना नेहमीचीच सेवा दिली. पाठीच्या कण्यातून वेदनाशामक घेण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. मात्र प्रत्यक्ष बाळंतपणात भीती आणि चिंता अपेक्षेपेक्षा कमी वाटली, असा अनुभव संमोहन शिकलेल्या गटात अधिक होता. डेन्मार्कमध्ये १,२२२ पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीतही वेदनाशामकाच्या वापरात फरक पडला नाही. पण बाळंतपणाचा एकंदर अनुभव संमोहन गटात अधिक चांगला होता. अशा ९ चाचण्यांचा, एकूण २,९५४ स्त्रियांचा, आढावा २०१६ साली घेतला गेला. त्यात वेदनाशामक औषधांचा एकंदर वापर काहीसा कमी होत असावा असे दिसले. सिझेरियन टळते किंवा नैसर्गिक प्रसूती वाढते असे मात्र दिसले नाही.

याचा अर्थ सरळ आहे. भीती कमी करण्यासाठी ही साधना उपयोगी पडू शकते. 'वेदनाविरहित बाळंतपणाची हमी' देऊन कोणी पैसे मागत असेल तर ती हमी खोटी आहे. तुमचे मूल बुद्धिमान निपजेल, सिझेरियन टळेलच, अशी जाहिरात करणाऱ्या महागड्या शिबिरांनाही हेच लागू. ज्या गोष्टीसाठी शिबिरात हजारो रुपये मोजायचे ती घरच्या चटईवर फुकट होते.

ध्यान-शवासनाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचा परिणाम तपासला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध केला. अनेकांचा रक्तदाब उतरला होता. मनाच्या विश्रांतीचा शरीरावर परिणाम होतो, हे यातून दिसते. पण ते रुग्ण गरोदर स्त्रिया नव्हते. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब हा वेगळाच आजार आहे. त्यावर शवासन हा उपचार नाही. याविषयी पुढे सांगतोच.

घरी कसे करावे?

पाचव्या महिन्यापासून सुरुवात केली तर हातात चांगले चार महिने मिळतात. उशीर झाला असेल तर आजपासून. रोज १५ मिनिटे पुरेत. दुपारची कामे आटोपल्यावर किंवा रात्री झोपताना करावे.

१. डाव्या कुशीवर झोपा. एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्या. पाचव्या महिन्यानंतर उताणे शवासन फार वेळ करू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते. आडवे व्हायचे नसेल तर भिंतीला टेकून बसा.

२. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. श्वास रोखायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक गरोदरपणात नको. अंक मोजणे जमत नसेल तर ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे नाम घ्या. श्वास सोडताना तो लांबवणे महत्त्वाचे. त्याने छातीचे ठोके संथ होतात.

३. आता एकेक अवयव सैल सोडा. कपाळ, जबडा, खांदे, मुठी, पोट, मांड्या, पावले. जबडा आणि मुठी यांच्याकडे विशेष लक्ष द्या. भीती आधी तिथेच साठते.

४. मन शांत होईल अशी एखादी ओळखीची जागा आठवा. समुद्रच पाहिजे असे नाही. माहेरचे परसदार, विहिरीवरचे आंब्याचे झाड, देवळाचा गार ओटा, काहीही चालेल. तिथला वास, आवाज, वारा आठवा.

५. तिथे असताना एक-दोन वाक्ये मनाशी म्हणा. वाक्य खरे असावे. 'मला दुखणारच नाही' असे म्हणू नका; पहिल्या जोरदार कळेला ते खोटे ठरते आणि धीर सुटतो. 'कळ येते तशी जाते', 'मी श्वास सोडते, अंग सैल होते' अशी वाक्ये टिकतात.

६. मन भटकणारच. भटकले की रागावू नका, पुन्हा श्वासावर आणा. परत आणणे हाच अभ्यास आहे.

पहिले आठ दिवस काहीच झाले नाही असे वाटते. पोहायला शिकताना पहिल्या दिवशी कोणी विहीर पार करत नाही. सवय आधी लागलेली असली तरच ती कळांच्या वेळी कामाला येते.

कळा सुरू झाल्यावर

इथे थोडा हिशेब समजून घ्या, फार धीर येतो. बाळंतपणाची जोरदार कळ साधारण ४५ ते ६० सेकंद टिकते. चार घेऊन सहा सोडले की एक श्वास दहा सेकंदांचा झाला. म्हणजे एक कळ म्हणजे पाच-सहा श्वास. सारी रात्र काढायची आहे असा विचार केला तर अंगाला काटा येतो. पाच श्वास काढायचे आहेत म्हटले तर जमते. कळ ओसरली की जबडा सैल, खांदे सैल, घोटभर पाणी. तोवर विश्रांती. लघवी तुंबवू नये, जमेल तितके चालावे-फिरावे. अंक मोजणे सुटले, ओरडावेसे वाटले, तर ओरडावे. त्याने काही बिघडत नाही.

आणि तरीही सोसवेना तर वेदनाशामक मागावे. डॉक्टरांना सिझेरियन करावे लागले तर तेही स्वीकारावे. 'एवढे ध्यान केले तरी शेवटी पोट फाडावेच लागले' असे म्हणत रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बाळ आडवे असेल, त्याचे ठोके घसरत असतील, तर आईच्या श्वासाने ते बदलत नाही. त्यात तिचा पराभव कसला? शांत मनाने शस्त्रक्रियेला सामोरी गेलेली आई हीही त्या साधनेचेच फळ आहे.

घरच्यांचे काम

संमोहनापेक्षाही भक्कम पुरावा एका साध्या गोष्टीला आहे : विश्वासाचे माणूस शेजारी असणे. २६ चाचण्यांच्या, १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आढाव्यात (२०१७) असे दिसले की, बाळंतपणात सतत कोणाचा आधार असला तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण असण्याला स्थान दिले आहे. तेव्हा आठव्या महिन्यातच प्रसूतिगृहात विचारून ठेवा : आत कोणाला सोडता? आई, बहीण, सासूबाई, जी कोणी असेल तिने श्वास मोजायला आधीच शिकून घ्यावे. नवऱ्यानेही रोजच्या त्या १५ मिनिटांत फोन आणि टीव्ही बंद ठेवावा, एवढी मदत तरी करावी.

बाळंतपण होईल तो दवाखाना एकदा आधी पाहून यावा. खोली, पलंग, परिचारिका ओळखीच्या झाल्या की निम्मी भीती तिथेच जाते. वाहनाची सोय, पैशांची सोय, रक्तगट आणि माता-बाल संरक्षण कार्ड तयार ठेवावे. माहेरी जाणाऱ्या मुलीने सर्व तपासण्यांचे कागद सोबत न्यावेत. सरकारी आरोग्यकेंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. ही सारी व्यवस्था हेही चिंतेवरचे औषधच आहे.

केव्हा डोळे मिटून बसायचे नाही

हा भाग कापून भिंतीवर लावला तरी चालेल. खालीलपैकी काहीही झाले तर ते 'टेन्शन' समजून ध्यानाला बसू नये. त्याच वेळी दवाखाना गाठावा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा :

– डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, छातीखाली वरच्या पोटात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, झटके. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर वाट पाहू नये.

– अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप.

– बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे.

– धाप लागणे, आडवे झोपता न येणे, छातीत दुखणे.

छातीतली धडधड नेहमीच मनाची नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, थायरॉईड बिघडलेले असेल, तरी धडधडते, थकवा येतो, चिडचिड होते. म्हणून रक्ततपासणी आधी, ध्यान नंतर. लोहाच्या गोळ्या ध्यानाने चुकत नाहीत.

मनाच्या बाबतीतही मर्यादा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येत असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. जिला पूर्वी मनाचा मोठा आजार होऊन भास झाले आहेत, जिला फिट्स येतात, जिच्यावर पूर्वी अत्याचार झाला आहे, तिने संमोहनाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. डोळे मिटून शांत बसल्यावर काहींना अधिकच अस्वस्थ वाटते. आणि मनाची किंवा फिट्सची चालू असलेली औषधे 'आता ध्यान करते' म्हणून परस्पर बंद करणे, हे तर आई आणि बाळ दोघांनाही घातक.

थोडक्यात सांगायचे तर ध्यान करावे, स्वयंसंमोहन करावे, मन लावून करावे. पण ते तपासणीच्या सोबत असावे, तपासणीच्या जागी नसावे. १९९२-९३ साली आपल्या देशात साधारण चौघींपैकी एकच बाई दवाखान्यात बाळंत होत असे. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले होते. शरीराची काळजी घेण्याची सोय पुष्कळ झाली आहे. आता मनाचीही विचारपूस व्हावी. घरात कोणी गरोदर असेल तर आज रात्री तिला 'गोळी घेतलीस का?' याच्या जोडीला 'कसली काळजी वाटते?' एवढे विचारा, आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्या.